वाटी आणि चमचा

आमच्या जुन्या घराच्या माजघरात, उंबरठ्याच्या डाव्या हाताला, पाण्याचा माठ असे. १९८६ सालच्या श्रावणात एका दुपारी त्या माठाची राखण करण्याचे काम माझ्यावर सोपविण्यात आले. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो.

राखण करायची ती कुणापासून? चोरापासून नव्हे, की मांजरापासूनही नव्हे. माझा चार वर्षांचा धाकटा भाऊ माठाजवळच घोंगडीवर निजलेला होता आणि त्याला पाण्याचा एक थेंबही मिळू द्यायचा नाही, अशी आजीची आज्ञा होती.

आमचे गाव कृष्णेच्या काठचे. त्या वर्षी पाऊस असा कोसळला, की नदी फुगून मळ्यांत शिरली आणि गावच्या विहिरींचे पाणी चहासारखे गढूळ झाले. आठ दिवसांच्या आत घरोघरी उलट्या आणि जुलाब सुरू झाले. मोठी माणसे हलक्या आवाजात ‘गॅस्ट्रोची साथ’ असे म्हणत. पहाटे माझ्या भावाला पहिली उलटी झाली आणि दुपारपर्यंत तो ओळखू येईनासा झाला. सदा टवटवीत दिसणारे त्याचे गाल आत गेले, डोळे खोल गेले, ओठांना कोरड पडली. वडील तालुक्याच्या गावाहून गाडी आणण्यासाठी सकाळीच बाहेर पडले होते. पण ओढ्याच्या फरशीवरून कमरेइतके पाणी वाहत होते. ते पलीकडे अडकले आणि आम्ही अलीकडे.

“त्याला पाणी देऊ नकोस हं,” आजी मला म्हणाली. “पाणी पोटात गेलं, की जुलाब आणखी वाढतात. गळक्या घागरीत पाणी ओतून काय उपयोग?”

मला ते पटले. आजी काही चुकीचे सांगेल, अशी शंकादेखील माझ्या मनात आली नाही. शिवाय घागरीचा दाखला कसा अगदी डोळ्यांना दिसत होता! भावाने खरोखरच मघाशी फुलपात्रभर पाणी घटाघटा पिऊन लगेच ओकून टाकले होते. तेव्हा मी माठाला पाठ लावून बसलो.

“दादा, पाणी,” तो म्हणाला.

मी मान हलविली. थोड्या वेळाने तो पुन्हा म्हणाला, “दादा, पाणी.” तिसऱ्या वेळी त्याने हात पुढे केला आणि मी तोंड फिरविले. त्यानंतर त्याने पाणी मागितले नाही. तो गप्प पडून राहिला. खरे सांगायचे तर, त्याने मागायचे थांबविले तेव्हा मला हायसे वाटले. त्याला बरे वाटू लागले असावे, अशी मी माझी समजूत घातली.

दिवेलागणीच्या सुमारास दारात छत्री मिटल्याचा आवाज झाला. शेजारच्या गावच्या उपकेंद्रातील परिचारिका विहिरींत औषध टाकीत आणि घरोघरी आजाऱ्यांची चौकशी करीत हिंडत होत्या. सारे गाव त्यांना ‘नर्सबाई’ म्हणे. पांढरी साडी गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली, चष्म्यावर पावसाचे थेंब. त्यांनी घोंगडीशेजारी बसकण मारली आणि भावाच्या पोटावरची कातडी दोन बोटांच्या चिमटीत धरून सोडून दिली. निरोगी माणसाची कातडी सोडताक्षणी सपाट होते; भावाच्या पोटावरची वळी तशीच उभी राहिली आणि मग हळूहळू, एखाद्या ओल्या फडक्याच्या चुणीसारखी, खाली बसली.

“शू केव्हा झाली?” त्यांनी विचारले.

आईला आठवेना. सकाळपासून झालीच नव्हती.

“रडतो तेव्हा डोळ्यांत पाणी येतं का?”

“नाही,” आई म्हणाली, आणि तिच्याच डोळ्यांत पाणी आले.

“पाणी काय दिलंत?”

यावर कुणी काहीच बोलले नाही. शेवटी आजीने आपला घागरीचा दाखला पुन्हा सांगितला. नर्सबाई रागावतील असे मला वाटले. पण त्या रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “आजी, घागर गळकी आहे हे खरं. पण ती फुटलेली नाही. गळतंय त्याहून जास्त ओतत राहिलं, तर ती रिकामी कशी होईल?”

त्यांच्या पिशवीतल्या औषधाच्या पुड्या दुपारीच संपल्या होत्या. तेव्हा त्यांनी आमच्या स्वयंपाकघरातच औषध केले. चुलीवर उकळून निवविलेले पाणी दुधाच्या मापाने बरोबर एक लिटर मोजून घेतले. त्यात चहाचे सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातले. प्रत्येक चमचा सुरीच्या पाठीने सपाट करून घेतला. मीठ मोजताना तर त्या इतक्या जपून होत्या, की जणू काही सोनारच गुंज तोलीत आहे. मीठ जास्त झाले तर हेच पाणी अपाय करते, असे त्या म्हणाल्या. ढवळून झाल्यावर एक चमचा माझ्या तोंडात घातला.

“आसवांची चव ठाऊक आहे ना? त्याहून खारट तर लागत नाही?”

आसवांची चव मला त्या दिवशी चांगलीच ठाऊक होती. मी मान हलवून ‘नाही’ म्हटले.

मग त्यांनी भावाचे डोके मांडीवर घेतले आणि वाटीतून चमचा चमचा पाणी त्याच्या ओठांत सोडायला सुरुवात केली. मिनिटा-दोन मिनिटांनी एक चमचा. तो ओकला. आजीने कपाळाला हात लावला. नर्सबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून दहा मिनिटे जाऊ दिली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तासाभराने त्या उठल्या. त्यांना अजून चार घरी जायचे होते. आई पहाटेपासून अंगावर पाणी घेऊन धुणी धूत थकली होती. नर्सबाईंनी इकडेतिकडे पाहिले आणि वाटी माझ्या हातात दिली.

“झोपलास तर बघ,” त्या म्हणाल्या.

त्या रात्री मी झोपलो नाही. कंदिलाच्या उजेडात मी चमचे मोजीत होतो. शंभरापर्यंत मोजून झाले, की पुन्हा एकापासून. बाहेर पाऊस पडत होता. आजी भिंतीकडे तोंड करून जप करीत होती आणि मधूनच वळून वाटीकडे पाहत होती. दोनदा भावाने सारे ओकून टाकले. दोन्ही वेळा मी दहा मिनिटे थांबलो. ती दहा मिनिटे फार लांब होती. पहाटे केव्हातरी त्याने डोळे उघडले आणि स्पष्ट आवाजात म्हटले, “दादा, पाणी.” दुपारी म्हटले होते तेच दोन शब्द. माझा हात असा थरथरला, की चमचा त्याच्या हनुवटीवर सांडला.

उजाडताना त्याने घोंगडी ओली केली आणि आमच्या घरात दिवाळी झाली. घोंगडी ओली झाली म्हणून इतका आनंद करणारे दुसरे कुटुंब तुम्हांला आढळणार नाही! दुपारी ओढा उतरला, वडील जीप घेऊन आले आणि भावाला तालुक्याच्या दवाखान्यात नेले. पण डॉक्टरांनी त्याला तपासून दुसऱ्याच दिवशी घरी पाठविले.

मीठ आणि साखर! ज्या वस्तू आमच्या फळीवर बरणीत पडून होत्या, त्यांनी हे कसे केले? पुढे कॉलेजात शरीरशास्त्र शिकताना मला त्याचे उत्तर मिळाले, आणि ते वाचताना पुस्तकाची पाने सोडून मला आमच्या माजघराची भिंतच दिसू लागली.

आपल्या शरीराच्या वजनापैकी निम्म्याहून अधिक भाग पाण्याचा असतो. लहान मुलांत तर त्याहूनही जास्त. आपण दिवसाकाठी दीड-दोन लिटर पाणी पितो. पण आतड्यांत दररोज आठ-नऊ लिटर द्रव उतरतो. लाळ, जठरातील रस, पित्त, आतड्यांचे स्वतःचे रस, असा हा सारा प्रवाह शरीरच आतड्यात सोडते आणि शरीरच तो पुन्हा शोषून घेते. बाहेर जातो तो जेमतेम कपभर. लहान आतडे मोठ्या माणसात सुमारे सहा मीटर लांब असते आणि त्याच्या आतल्या बाजूला मखमलीच्या लवेसारखे असंख्य बारीक अंकुर असतात. घेणे आणि देणे, हा व्यवहार या अंकुरांवर अहोरात्र चालू असतो. जुलाबाच्या रोगात देणे वाढते आणि घेणे थांबते. मग पाणी जाते ते अखेरीस रक्तातले. रक्त कमी होते, हृदय भराभर धावू लागते, नाडी सुतासारखी बारीक लागते. मूत्रपिंडे शहाण्या गृहिणीप्रमाणे उरलेले पाणी जपून ठेवतात, म्हणून लघवी थांबते. आसवे आटतात. आणि शेवटी रोगी पाणी मागण्याचेही थांबतो. हे वाक्य वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले होते.

पटकी, म्हणजे कॉलरा, हा या रोगांतला सर्वांत भयंकर. पटकीचा जंतू आतड्याची भिंत खात नाही. तो एक विष सोडतो, आणि त्या विषामुळे भिंतीतल्या पेशी आपण होऊन पाणी बाहेर टाकू लागतात. ही गोष्ट कलकत्त्याचे शास्त्रज्ञ शंभुनाथ डे यांनी १९५९ साली सशांच्या आतड्यांवर प्रयोग करून दाखवून दिली. घागर फुटलेली नाही, असे नर्सबाई म्हणाल्या होत्या ते अक्षरशः खरे होते.

आता मौज पाहा. या दुखण्यात नुसते मिठाचे पाणी प्यायले, तर आतडे ते नीट शोषून घेत नाही. मिठाची नेहमीची वाट विषाने बंद केलेली असते. पण त्या भिंतीत आणखी एक दार आहे, आणि ते विषाला बंद करता येत नाही. त्या दारातून मिठातील सोडियम आणि साखरेतील ग्लुकोज ही दोघे जोडीनेच आत जातात. फुगडी जशी एकट्याने घालता येत नाही, तसेच हे आहे. रॉबर्ट क्रेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६० साली प्राग शहरातील एका परिषदेत ही कल्पना मांडली. ही जोडी आत गेली, की तिच्या पाठोपाठ पाणी आपोआप आत ओढले जाते. अर्ध्या चमच्याला सहा चमचे, ही नर्सबाईंची काटेकोर मोजणी होती ती या जोडीसाठी.

आजीला मी या बाबतीत कधी दोष दिला नाही, आणि तुम्हीही देऊ नका. एकोणिसाव्या शतकात युरोपातील मोठमोठे डॉक्टर पटकीच्या रोग्याचे रक्त काढीत आणि त्याला जुलाबाचीच औषधे देत. त्या मानाने आमची आजी पुष्कळच बरी! १८३१ साली विल्यम ओशॉनेसी नावाच्या तरुण डॉक्टराने इंग्लंडमध्ये पटकीच्या रोग्यांचे रक्त तपासले आणि त्यातील पाणी व क्षार निघून गेले आहेत, असे सांगितले. (हेच गृहस्थ पुढे हिंदुस्थानात आले आणि त्यांनी या देशात तारायंत्राच्या तारा उभ्या केल्या. एका माणसाने किती निराळ्या गोष्टी कराव्यात!) पुढच्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये टॉमस लॅटा यांनी मिठाचे पाणी सरळ रोग्यांच्या शिरेत सोडले आणि मरणाच्या दारी असलेली काही माणसे उठून बसली. शिरेतून क्षारजल देण्याचा हा उपाय पुढे सुधारला आणि आजही अत्यवस्थ रोग्याला तोच तारतो. पण त्याला निर्जंतुक बाटल्या हव्यात, सुया हव्यात, शिकलेला हात हवा. आणि पटकी येते ती नेमकी पूर, युद्ध आणि दुष्काळ यांच्या मागून, म्हणजे यांतले काहीच जवळ नसते तेव्हा!

तोंडाने देता येईल अशा पाण्याचा शोध अनेक जण घेत होते. कलकत्त्याचे डॉक्टर हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी १९५३ सालीच आपले अनुभव प्रसिद्ध केले होते. १९६८ साली ढाक्यात डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश या तरुण डॉक्टरांनी मोजून मापून दाखविले, की मीठ-ग्लुकोजचे पाणी पाजले तर शिरेतून द्याव्या लागणाऱ्या क्षारजलाची गरज खूपच कमी होते. पण हे झाले दवाखान्यातील प्रयोग. खरी कसोटी १९७१ साली लागली.

त्या वर्षी पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, युद्ध पेटले आणि सुमारे १ कोटी निर्वासित सीमा ओलांडून भारतात आले. पश्चिम बंगालमधील बनगाव हे सीमेवरचे गाव माणसांनी भरून गेले आणि पाठोपाठ पटकी आली. तेथील रुग्णालयात दोन खोल्या होत्या. रोगी जमिनीवर इतके दाटीने पडले होते, की सुई टोचण्यासाठी डॉक्टरांना त्या घाणीतच गुडघे टेकावे लागत. दिलीप महालनबीस नावाचे डॉक्टर कलकत्त्याहून तेथे आले होते. हाताशी असलेले क्षारजल संपत चालले आहे हे त्यांनी ओळखले, आणि एक धाडसी निर्णय घेतला. कलकत्त्यात मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज तोलून प्लास्टिकच्या पिशव्या भरायच्या, गरम इस्त्रीने त्यांची तोंडे बंद करायची आणि बनगावला पिण्याच्या पाण्यात त्या कालवायच्या. मोठमोठ्या पिंपांना तोट्या बसविल्या आणि रोग्यांच्या आया, भाऊ, बहिणी यांच्या हाती पेले दिले. पाजण्याचे काम डॉक्टरांचे नव्हते, नातलगांचे होते. पुरेसा उपचार न मिळाल्यास अशा साथीत शंभरातील तीसच्या आसपास माणसे दगावत. ज्यांना हे पाणी मिळाले, त्यांच्यात हे प्रमाण शंभरात चारहूनही खाली आले.

अशा साध्या गोष्टीवर विद्वानांचा विश्वास बसायला वेळ लागला. घरगुती वस्तूंनी पटकी बरी होते, हे कुणाला खरे वाटेना! पण १९७८ साली ‘लॅन्सेट’ या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकाने त्या शतकातील वैद्यकीय शोधांत याला बहुधा पहिले स्थान द्यावे लागेल, अशा अर्थाचा अभिप्राय दिला. महालनबीस २०२२ साली वारले आणि २०२३ साली भारत सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिले. आज औषधाच्या दुकानात ‘ओआरएस’ किंवा ‘जलसंजीवनी’ या नावाने जी पुडी मिळते, ती हीच. एका लिटर पाण्यासाठी साडेवीस ग्रॅम. जोडीला लहान मुलांना दहा ते चौदा दिवस जस्ताच्या गोळ्याही देतात.

बांगलादेशात तर याहून सुंदर गोष्ट घडली. १९८० ते १९९० या दशकात ‘ब्रॅक’ या संस्थेच्या स्त्रिया १ कोटीहून अधिक घरी पायी गेल्या आणि त्यांनी घरातल्या आईला शिकविले: तीन बोटांच्या चिमटीतले मीठ, एक मूठ गूळ आणि अर्धा शेर पाणी. माप म्हणजे स्वतःचाच हात. शिकविणारीला पगार मिळे तो किती घरी गेली यावर नव्हे, तर काही दिवसांनी तपासनीस आल्यावर त्या आईला किती आठवते यावर! मला वाटते, असा नियम शाळांनाही लावून पाहायला हरकत नाही.

इतके असूनही जगात दरवर्षी पाच वर्षांखालील ४ लाखांहून अधिक मुले जुलाबाने मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. पुडी कितीही स्वस्त असो, ती वेळेवर त्या घरात नसते, किंवा त्या घरात माठाला पाठ लावून कुणीतरी बसलेले असते.

आजी त्यानंतर दहा वर्षे जगली. ‘माझे चुकले’ असे ती कधी म्हणाली नाही. पण त्या दिवशी सकाळी ती वाटी आणि तो चमचा तिने स्वतःच्या हाताने घासून वेगळे फळीवर ठेवले, ते दुसऱ्या कुठल्याही कामाला वापरू दिले नाहीत. आणि गावात कुणाचे मूल आजारी पडल्याचे कळले, की ते पदराखाली घेऊन ती निघे. गळक्या घागरीचा दाखला ती तेथेही देई, फक्त त्याचा शेवट आता नर्सबाईंचा असे.

भावाला यांतले काहीच आठवत नाही. चार वर्षांच्या मुलाला काय आठवणार? त्याला एवढेच ठाऊक आहे, की दादाने रात्रभर जागून त्याला पाणी पाजले. ही गोष्ट तो मोठ्या अभिमानाने सर्वांना सांगतो. दुपारची गोष्ट मी त्याला कधी सांगितली नाही.

मागच्या पावसाळ्यात त्याच्या लहान मुलीला जुलाब झाले. मी तेव्हा त्याच्याकडेच होतो. डॉक्टरांकडे जाऊन आल्यावर त्याने पुडी फोडली, मापाने पाणी घेतले, ढवळले, चव पाहिली आणि वाटी-चमचा माझ्यासमोर धरून म्हणाला, “दादा, तूच पाज.”